ॲपमधलं ‘जाणवतं २ अंश’ द्राक्षाच्या घडाला कळत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. निफाड तालुक्यात थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग, मणी फुगवणीत. मोबाईलच्या ॲपवर उद्या पहाटेचं तापमान ६ आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘जाणवतं २’. टीव्हीवर ‘निफाड गोठलं’ अशी पट्टी. घराच्या ओसरीतला थर्मामीटर मात्र ९ दाखवतोय. यातलं खरं कोणतं धरायचं? रात्री शेकोट्या करायच्या की ड्रीप सोडायचं? शिवाय वडील पहाटे साडेपाचला दुचाकीवरून दूध घालायला जातात, त्यांना जाऊ द्यायचं का?

यात दोन वेगळे प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांच्या उलटी आहेत. वडिलांसाठी ‘जाणवतं २’ हा आकडा कामाचा आहे. बागेसाठी तो अजिबात कामाचा नाही. एवढंच नाही, ज्या रात्री ॲपवर हा आकडा सगळ्यात भीतीदायक दिसतो ती रात्र बागेला बहुधा सोपी जाते, आणि जिथे ‘तापमान ६, जाणवतं ६’ असं साधं दिसतं ती रात्र जड जाते. का, ते आधी सांगतो, कारण ते कळलं की पाणी आणि शेकोटीचं गणित आपोआप सुटतं.

आपल्या अंगाभोवती आपणच तापवलेल्या हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर उडवून लावतो, शरीराला पुन्हा नवा थर तापवावा लागतो, म्हणून गार वाटतं. ‘जाणवणारं तापमान’ म्हणजे एवढंच: वाऱ्यात उघड्या चेहऱ्याची उष्णता ज्या वेगाने जाते, त्याच वेगाने ती वारा नसताना किती तापमानाला गेली असती. आज चालणारं सूत्र अमेरिका आणि कॅनडाने २००१ मध्ये स्वीकारलं. त्यासाठी टोरंटोत स्वयंसेवकांना गार वाऱ्याच्या बोगद्यात चालायला लावून त्यांच्या चेहऱ्यावरून किती उष्णता जाते ते मोजलं होतं. त्याआधीचे आकडे १९४५ मध्ये सायपल आणि पॅसल यांनी प्रसिद्ध केलेल्या कामावरचे. अंटार्क्टिकात प्लास्टिकच्या नळकांड्यात पाणी भरून ते गोठायला किती वेळ लागतो यावर ते बेतलेले होते आणि माणसाच्या बाबतीत थंडी बरीच फुगवून सांगत. म्हणजे फुगवलेल्या थंडीचा दोष दर वेळी बातमीदाराचा नसतो, जुन्या काळी तो सूत्रातच होता.

नव्या सूत्रालाही मर्यादा आहेत. ते १० अंश किंवा त्याहून कमी तापमानाला आणि ताशी साधारण ५ किलोमीटरपेक्षा जास्त वाऱ्यालाच लागू पडतं. त्यातला वारा जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा, उघड्या माळावरचा. ६ अंश आणि ताशी २० किलोमीटर वारा घातला की उत्तर २.३ येतं. तुमच्या ॲपने तेच केलंय. टोरंटोतल्या माणसाला उणे २० आणि ताशी ३० किलोमीटर वाऱ्यात हेच सूत्र उणे ३३ सांगतं आणि तिथे ते जिवाशी निगडित आहे, कारण तेवढ्यात उघडी कातडी काही मिनिटांत गोठू शकते. आपल्याकडे २ काय आणि ४ काय, कातडी गोठत नाही.

आता द्राक्षाचं पान. त्याला स्वतःची ऊब नाही, त्यामुळे उडवून लावायला थरच नाही. हवा ६ अंश असेल तर वारा पानाला फार तर ६ पर्यंत आणेल, २ पर्यंत कधीच नाही. ओसरीतल्या पाण्याच्या बादलीचं, मोटारीच्या पाइपचं, ट्रॅक्टरच्या रेडिएटरचंही तेच. अपवाद एकच: पान ओलं असेल तर बाष्पीभवनाने ते हवेपेक्षा थोडं गार होतं. म्हणून कोरडा वारा सुटलेल्या संध्याकाळी उशिरा फवारणी करू नका.

मग बाग हवेपेक्षा गार कधी होते? निरभ्र आणि निवांत रात्री. पानं आणि जमीन रात्रभर आपली उष्णता उघड्या आकाशाकडे फेकत असतात. ढग असतील तर ते त्यातली बरीचशी परत पाठवतात. वारा असेल तर वरची तुलनेने उबदार हवा खाली ढवळली जाते. दोन्ही नसले की गार हवा जमिनीलगत साचते आणि पाण्यासारखी उताराकडे वाहते. अशा पहाटे पान आजूबाजूच्या हवेपेक्षा १ ते ३ अंशांनी गार असू शकतं. महाबळेश्वरला हे दर हिवाळ्यात दिसतं. वरच्या वेधशाळेत पारा चांगला ८-१० वर असताना खाली वेण्णा तलावाजवळच्या खोलगट भागात जीपच्या टपावर आणि स्ट्रॉबेरीच्या पानांवर हिमकण मिळतात. बातमी येते ‘महाबळेश्वर शून्यावर’. शून्यावर असतं ते टपाचं पत्रं. पत्र्याच्या बाबतीत बातमी खरी, गावाच्या बाबतीत नाही.

आपल्याकडे थंडी येते तिचाही एक क्रम असतो. उत्तर भारतावरून पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी ढग-पावसाची प्रणाली, पुढे सरकतो तेव्हा इकडे ढग येतात आणि रात्री जरा उबदार होतात. तो गेला की उत्तरेकडून कोरडा, बोचरा वारा सुटतो. पहिल्या एक-दोन दिवसांत वारा जोरात, म्हणून ॲपवर ‘जाणवतं’ सगळ्यात खाली, आणि टीव्हीवर गारठ्याच्या बातम्याही तेव्हाच. मग वारा पडतो, आकाश स्वच्छ, हवा कोरडी. खरा किमान पारा बहुतेक वेळा या दुसऱ्या-तिसऱ्या शांत पहाटे लागतो. तोवर बातमी शिळी झालेली असते आणि शेतकऱ्याला वाटतं, लाट सरली. शेकोटीचं सरपण पहिल्या रात्री संपवणाऱ्याची फसगत इथेच होते.

बातमीतला, ॲपवरचा आणि ओसरीतला, असे तिन्ही आकडे आता बघू. खोटा त्यातला एकही नाही, पण प्रत्येकाने वेगळी जागा मोजली आहे.

बातमीतला ‘निफाडचा पारा’ बहुतेक वेळा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला असतो. तो जमिनीपासून साधारण चार फुटांवर, पांढऱ्या झडपांच्या लाकडी पेटीत घेतलेला, सकाळी नोंदवलेला रात्रीचा नीचांक. तो खराखुरा मोजलेला आकडा आहे, पण तिथला. पिंपळगावच्या चढावरच्या बागेत किंवा नांदूरमध्यमेश्वरकडच्या गोदाकाठच्या सखल रानात तो दोन-तीन अंशांनी सहज वेगळा असतो.

ॲपचा ६ हा कुठल्याच थर्मामीटरचा नाही. ते संगणकीय प्रारूपाचं उत्तर आहे. हवामान खात्याचं २०२५ मध्ये सुरू झालेलं भारत फोरकास्ट सिस्टिम ६ किलोमीटरच्या चौकटीवर चालतं आणि बरीच जागतिक प्रारूपं याहून मोठ्या चौकटी वापरतात. सहा बाय सहा म्हणजे ३६ चौरस किलोमीटरला मिळून एक आकडा. त्यात नदी, गावठाण, ऊस, बागा, माळ सगळं आलं. तुमचा खोलगट गट त्याला दिसत नाही. शिवाय आठ-दहा दिवस पुढचा किमान पारा ॲप दशांशात दाखवत असलं तरी तो दशांश शोभेचा आहे. चार दिवसांपलीकडे फक्त ‘थंडी वाढेल की उतरेल’ एवढंच घ्या.

ओसरीतला ९ हा भिंतीचा आकडा आहे. दिवसभर तापलेली वीट रात्रभर ऊब सोडते आणि वरचं छप्पर आकाश झाकतं. मोजायला ती सगळ्यात वाईट जागा.

‘थंडीची लाट’ या शब्दाचीही अशीच ओढाताण होते. हवामान खात्याच्या लेखी त्याला माप आहे. सपाट प्रदेशात किमान तापमान १० किंवा त्याखाली हवं आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी कमी असेल तर लाट, त्याहून जास्त घसरलं तर तीव्र लाट. किंवा सरासरी काहीही असो, पारा ४ वर आला की लाट आणि २ वर आला की तीव्र. सरासरी १०.५ धरली तर ६ अंश म्हणजे जेमतेम लाट. किनारपट्टीला १५ अंशांचा वेगळा निकष आहे, त्यामुळे मुंबईत १४ ला ‘लाट’ म्हटलं म्हणून हसू नका. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा. आणि हा इशारा जिल्ह्याला असतो, गट नंबरला नाही.

यावर उपाय एकच, स्वतःचा आकडा. कमाल-किमान लक्षात ठेवणारे दोन साधे डिजिटल थर्मामीटर घ्या. आधी ते तपासा: बर्फ बारीक कुटून ग्लासात गच्च भरा, फटी भरतील एवढंच पाणी घाला, वायरचं टोक त्यात बुडवून ढवळा आणि दहा मिनिटांनी बघा. शून्य दिसायला हवं. ०.८ दिसलं तर त्या थर्मामीटरवर ०.८ लिहून चिकटवा आणि दर वेळी तेवढं वजा करा. एक थर्मामीटर बागेच्या मध्यावर, चार फुटांवर, वर-खाली हवा खेळेल अशा पांढऱ्या आडोशात लावा. एकात एक उलट्या बसवलेल्या, मधे बोटभर फट ठेवलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या ताटल्या चालतात. दुसरा बागेच्या सगळ्यात सखल कोपऱ्यात, घडाच्या उंचीवर, आडोशाशिवाय. हा दुसरा रात्री पानासारखाच आकाशाकडे उष्णता फेकतो, म्हणून घडाच्या जवळचा आकडा देतो. दिवसा मात्र त्याच्याकडे बघू नका, उन्हात तो काहीही सांगेल.

दहा-बारा रात्री वहीत तीन रकाने ठेवा: कुंदेवाडीचा आकडा, तुमचा सखल कोपरा, आणि रात्र शांत-निरभ्र होती की वारा किंवा ढग होते. शांत रात्रींचा फरक वेगळा काढा. समजा तो सारखा २ च्या आसपास येतोय, तर खात्याचा अंदाज ६ असेल तेव्हा तुमच्या कोपऱ्यासाठी ४ धरायचं, आणि वारा असेल तर ६ च धरायचं. यापुढे ‘जाणवतं’च्या ओळीकडे बघायची गरज उरत नाही. त्याऐवजी त्याच ॲपमध्ये ड्यू पॉइंट, म्हणजे दवांक, ज्या तापमानाला दव पडू लागतं तो आकडा, बघा. संध्याकाळी सहाला दवांक १० असेल तर पहाटे पारा त्याच्या फार खाली जाणार नाही, कारण दव पडताना उष्णता बाहेर पडते आणि घसरण मंदावते. दवांक २ असेल तर खाली आधार नाही, पारा घसरत जाणार. दहिवर न पडलेली कोरडी, निःशब्द पहाट ही खरी धोक्याची.

आता कृती. इथे मला तुमच्या प्लॉटची छाटणीची तारीख माहीत नाही, आणि बरंच काही त्यावर ठरतं. सर्वसाधारण असं की १० अंशांखाली वेलीची वाढ जवळपास थांबते, मुळं मंदावतात, फुगवण अडते. हे नुकसान नाही, खोळंबा आहे. ऊब आली की गाडी पुढे निघते. त्यामुळे अशा चार दिवसांत घाबरून जादा खत किंवा संजीवकाचा डोस देऊ नका, मुळं ते उचलतच नाहीत. सखल कोपऱ्याचा आकडा ४ च्या वर असेल तर रात्री उठून करण्यासारखं काही नाही. २ ते ४ मध्ये पाण्याचा आधार द्या. २ च्या खाली गेला तर पानावर हिम धरू शकतं, तेव्हाच बाकीची धावपळ.

पाणी किती आणि का? ९ बाय ५ फुटांवर एकरी ९६८ वेली येतात. वेलीला २० लिटर म्हणजे एकरी १९-२० हजार लिटर. बोअरचं पाणी साधारण २४ अंशांचं असतं. ते ८ पर्यंत गार होताना जी ऊब सोडतं ती विजेच्या हिशेबात सुमारे ३७० युनिट. त्याच रात्री, दहा तासांत, एक एकर जमीन आकाशाकडे फेकते ती उष्णता ढोबळमानाने २८०० युनिट. म्हणजे पाणी आठवा हिस्सा भरून काढतं. थोडं आहे, पण फुकटचं आहे. आणि दुसरा फायदा याहून मोठा: ओली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते आणि रात्री ती खालून वर पोहोचवते, कोरडी भुसभुशीत जमीन गोधडीसारखी ती आतच अडवून धरते. म्हणून दिवसाची वीज असेल तर आदल्या दुपारी बोद, म्हणजे वेलींच्या ओळीचा मातीचा उंच वरंबा, ओला करा, रात्रपाळीची असेल तर पहाटे तीनच्या पुढे सोडा. पाणी बोअरचं किंवा विहिरीचं घ्या. शेततळ्याचं पाणी हिवाळ्यात स्वतःच गारठलेलं असतं. बोदावर उसाच्या पाचटाचं जाड आच्छादन असेल तर हा फायदा निम्म्यावर येतो, पण तेवढ्यासाठी ते काढू नका, उन्हाळ्यात लागेल.

इथे एक सावधगिरी. रात्रभर ड्रीप चालू ठेवू नका. काळ्या जमिनीत मुळांशी पाणी साचलं तर मुळं आणखी मंद होतात. आणि मण्यात पाणी उतरलं असेल, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागले असतील, तर एकदम दिलेलं जास्तीचं पाणी गार रात्रीत मणी तडकवतं. त्या अवस्थेत वेलीला २० ऐवजी रोजच्याच मापाचं पाणी, फक्त वेळ बदलून. वरून तुषार तर मुळीच नको. थंड देशांत ते करतात, पण ते पारा शून्याखाली जातो तेव्हा, बर्फ वितळेपर्यंत अखंड. आपल्या ३-४ अंशांत त्याने फक्त बाष्पीभवनाची गारठी आणि सकाळी डाऊनी या बुरशीजन्य रोगाला आमंत्रण मिळेल.

शेकोटीबद्दल स्पष्ट बोलतो, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहेत. धूर उष्णता अडवत नाही. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून जाणारी उष्णता त्यांच्यातून आरपार जाते. उलट सकाळी तोच धूर ऊन अडवतो आणि बाग तापायला उशीर होतो. म्हणजे ओला पालापाचोळा टाकून केलेली धुराटी पूर्ण उलट्या कामाची. उपयोग आहे तो ज्वाळेच्या ऊबेचा. २८०० युनिट म्हणजे सुमारे ७०० किलो सुकं लाकूड, तेही सगळी ऊब बागेतच राहिली तर. ती राहत नाही. बांधावर एक मोठा जाळ केला की गरम हवा झपकन वर जाते, उबदार थर फोडून निघून जाते आणि खाली बाजूने गार हवा आत ओढते. करायचंच असेल तर एकरी तीस-चाळीस छोट्या, कोरड्या लाकडाच्या शेकोट्या, सखल बाजूला दाट, ड्रीपच्या नळीपासून चार फूट लांब, आणि त्या पहाटे तीन ते सूर्योदयापर्यंत. टायर, प्लास्टिक, जुनं मल्चिंग जाळू नका. काजळी मण्यावरच्या मेणासारख्या थरात अशी बसते की धुऊन जात नाही, आणि निर्यातीचा माल असेल तर पुढचं सांगायला नको. ६ अंशांच्या अंदाजाला यातलं काहीच करायची गरज नाही.

उत्तरेला शेडनेट बांधायचा विचार असेल तर बागेच्या चढाच्या बाजूला बांधा, उताराची बाजू मोकळी सोडा. खालून बंद केली तर गार हवेचं तळं तुम्हीच बांधलंत असं होईल. आणि पिंक बेरीची, म्हणजे हिरवे मणी गुलाबी पडण्याची, भीती असेल, दिवसा २८-३० आणि रात्री ६-७ असा मोठा फरक पडत असेल, तर घडांना पेपर लावायचं काम मण्यात पाणी उतरायच्या आधी उरका. रंग चढायला लागल्यावर पेपर लावून तो मागे फिरत नाही.

राहता राहिले वडील आणि गोठा. ज्याला स्वतःची ऊब आहे, त्याला वारा लागतो. करडं, वासरं, कोंबडीची पिल्लं आणि विशेषतः अंग ओलं असलेली जनावरं यांच्यासाठी उत्तरेकडून गोणपाट सोडा, वरची हातभर जागा हवा जायला मोकळी ठेवा. इथे ‘जाणवतं’चा आकडा जरूर बघा.

दुचाकीवर तर वारा आपण स्वतःच तयार करतो. बाहेर ६ अंश आणि हवा स्थिर असली तरी ताशी ३० ने गेलं की चेहऱ्याला १.५ च्या आसपास जाणवतं, ताशी ६० ने गेलं की शून्याच्या किंचित खाली. वेग निम्मा करून दोनच अंश वाचतात, म्हणून ‘हळू जा’ पुरेसं नाही, वारा अडवायला हवा. स्वेटरवर स्वेटर चढवून उपयोग कमी, लोकरीतून वारा आरपार जातो. स्वेटरच्या वरून पावसाळ्यातला रेनकोट घाला, छातीशी आतून वर्तमानपत्राची घडी, हातमोजे, गुडघ्यांवर जाड कापड. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर लाटेचे तीन-चार दिवस दूध घालायला दुसऱ्या कुणी जावं किंवा वेळ सूर्योदयानंतरची ठरवावी. आणि परत आल्यावर शेगडी खोलीत घेऊन दार-खिडकी लावून बसू देऊ नका. कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, डोकं जड होतं तोवर उशीर झालेला असतो. खिडकीची एक झडप उघडी, शेगडी दाराशी.